पाटाची कारभारीण

अमेरिकेच्या नैऋत्येच्या डोंगरांतल्या लोस आलिसोस गावात पाटाचा गाळ मार्चच्या तिसऱ्या शनिवारी काढायचा, हे ठरलेलं. डोंगरावर बर्फ असो, फावड्याचा दांडा गारठ्याने हाताला चिकटो, शनिवार चुकत नाही. घरटी एक माणूस आणि एक फावडं. ज्या घरचा माणूस येत नाही त्याच्या मक्याला पाणी मिळत नाही, आणि वर्षभर लोकांची बोलणी मिळतात ती वेगळीच.

१९७३ साली कासिमीरो मास्कारेन्यासच्या घरचा माणूस येणार नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं. वरच्या खाणीत वासा पाठीवर पडल्यापासून कासिमीरो चार महिने अंथरुणाला खिळलेला. मुलगा नाही, तीन मुलीच. त्यातली थोरली एर्लिंदा, अठरा वर्षांची, बापाचे बूट दोन मोज्यांवर चढवून आणि बापाचंच फावडं खांद्यावर टाकून रांगेत येऊन उभी राहिली.

पाटाचा कारभारी होता उबाल्दो त्रुहियो. पॉप्लरची काठी काठावर आडवी टाकत तो एकेकाला वाटा नेमून देत होता.

"पुढचा!"

"मास्कारेन्यास," एर्लिंदा म्हणाली.

उबाल्दोने तिच्या मागे पाहिलं. "कुठाय?"

"हा काय समोर."

"कासिमीरोने मिशा काढल्या वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चाळीस माणसं हसली.

उबाल्दो हसला नाही. "पोरी, बायकांचं काम खाली चर्चच्या अंगणात आहे. घेवडा शिजतोय. जा, ढवळ."

"घेवडा ढवळायला माझ्या दोन बहिणी आहेत, तिओ." त्या खोऱ्यात वडीलधाऱ्या माणसाला, नात्याचा असो नसो, तिओ म्हणजे काकाच म्हणतात. "फावड्याला मात्र घरात मीच आहे."

उबाल्दोने काठी टाकली. तिच्या वाट्याला आलं वळण, जिथे वाळुंजाची मुळं पाटात शिरून जाळी करतात. कुणी म्हणतं मुद्दाम दिलं, कुणी म्हणतं पाळीच तशी आली. दुपारपर्यंत तिच्या हातांवरचे फोड फुटले, दांडा लाल झाला, पण वळणाचा तळ दिसू लागला. उबाल्दो आला, तळाशी काठी खुपसून पाहिली, एक मूळ राहिलं होतं ते दाखवलं, आणि ते निघेपर्यंत उभा राहिला. मग वहीत तिच्या घरापुढे अर्धा माणूस लिहिला. सोळाच्या आतल्या पोरांना लिहीत तसा.

घरी आल्यावर तिने हे बापाला सांगितलं. कासिमीरोने तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि बायकोला चरबीचा डबा आणायला सांगितलं.

"नुसत्या हातांनी खणतेस तू," तो म्हणाला. "एक पाय मागे घे. मांडीने रेट द्यायचा. पुढच्या वर्षी बघ, असे फोड येणार नाहीत."

एर्लिंदा पुढे कितीदा तरी म्हणायची, की तिच्या आयुष्यात तिचं एवढं कौतुक कुणी केलं नाही.

त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळून ती आल्बुकर्कीला विद्यापीठात गेली. तिथे तेव्हा वारं वेगळं होतं. भिंतीभिंतीवर मुठी आवळलेली चित्रं, शेतमजुरांसाठी मोर्चे, आणि मेक्सिकन वंशाच्या ज्या त्या पोरापोरीच्या तोंडी एक शब्द. ईस्टरला घरी आली ती तो शब्द घेऊनच.

"मी चिकाना आहे, बाबा."

कासिमीरोने हातातली तोर्तिया ताटात ठेवली. "काय आहेस?"

"चिकाना."

"हा शब्द माझ्या आईसमोर काढला असतास तर साबणाने तोंड धुतलं असतं तिने. गावभर उंडारणाऱ्या पोरांना म्हणायचे तसं. आपण स्पॅनिश. हे अमेरिकेचं सरकार यायच्या आधीपासून या खोऱ्यात आहोत आपण."

"स्पॅनिश? मग हे नाक कुणाचं?"

कासिमीरोचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"आजीचं ना? आणि आजीची आई नदीपलीकडच्या पुएब्लोतली, मूळनिवासींच्या वस्तीतली. तुम्हीच सांगितलंत. बरं, खाणीतल्या यादीवर तुमच्यापुढे काय लिहायचे? स्पॅनिश?"

"मेक्सिकन," कासिमीरो खाली बघत म्हणाला.

"आणि मेक्सिकोतले लोक आपल्याला काय म्हणतात? ग्रिंगो, म्हणजे गोरे अमेरिकन! शाळेत घरची स्पॅनिश बोललं तर पट्टी खायची, शहरात तीच बोलताना अडखळलं तर लाज काढून घ्यायची. ही सगळी नावं दुसऱ्यांनी ठेवलेली, बाबा. हे एक आमचं आम्ही ठेवलंय."

कासिमीरोने तोर्तिया पुन्हा उचलली. "आपलंच ठेवायचं होतं, तर जरा बरं तरी ठेवायचं," तो म्हणाला, आणि तिची आई हसता हसता खुर्चीवर बसली.

विद्यापीठातल्या त्या चळवळीवर एर्लिंदाचा जीव होता. पण दुसऱ्या वर्षी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सभेत भाषणं मुलगे करत, आणि मुली पत्रकं टाइप करत, नाहीतर पातेल्याशी असत. मोर्चाचा रस्ता कुठला हे ठरायचं बैठकीच्या खोलीत. त्या मोर्चाची शिदोरी मुलींनी बांधायची. एका रविवारी तिने डाव पातेल्यात सोडून दिला आणि ओल्या हातांनीच बैठकीत जाऊन बसली. तिच्यामागोमाग आणखी सहा जणी.

"कंपान्येरा, स्वयंपाक झाला का?" चळवळीत सहकारणीला घालतात तशी हाक घालून अध्यक्षाने विचारलं.

"नाही. आधी पोलिसांशी बोलायला कोण जाणार ते ठरवू. मग स्वयंपाक कोण करणार ते ठरवू. दोन्हीला हात वर करा."

त्या दिवशी घेवडा मुलग्यांनी शिजवला आणि करपवला. सगळ्यांनी तो खाल्ला. दोघे जण मात्र रागाने चळवळ सोडून गेले, आणि त्यातला एक तिचा जवळचा मित्र होता. "आपली भांडणं बाहेरच्यांना दाखवायची नसतात," असं म्हणून गेला. त्याचं तिला फार लागलं. पण उठून परत पातेल्याकडे ती काही गेली नाही.

शिक्षण झालं आणि तिला डेन्व्हरला जमीनमोजणीच्या एका मोठ्या कचेरीत नोकरी लागली. मेक्सिकन वंशाची बाई म्हणून कचेरीत ती पहिलीच. साहेबांना एर्लिंदा म्हणता येईना. त्यांनी लिंडा केलं. तिचा एक फोटो काढला, दुर्बीण लावलेली तिपाई, मागे डोंगर आणि शेजारी हसणारी ती. तो मोठा करून दाराशीच टांगला. पाहुणे आले की साहेब तो दाखवायचे. "ही आमची लिंडा. बघा किती पुढे गेली!" गावाकडे आई शेजारणींना सांगायची, "माझी पोर शहरात भिंतीवर आहे."

अकरा वर्षं ती भिंतीवर राहिली. मोजणी तिची, नकाशे तिचे. पण रस्ता कुणाच्या वस्तीतून काढायचा याची बैठक बसली की तिला बोलावणं नसे. एकदा तिच्याच नकाशावरून एक जुनी मेक्सिकन वस्ती उठली. बत्तीस घरं, आणि मागच्या परड्यांतली जर्दाळूची झाडं. तिला ते वर्तमानपत्रातून कळलं. त्या संध्याकाळी दाराशी ती स्वतःच्याच फोटोसमोर थांबली, आणि फोटोतल्या त्या हसऱ्या बाईचा तिला राग आला.

पुढच्या वर्षी आई गेली. दोघी बहिणी आपापल्या संसारात होत्या, बाप एकटा पडला. एर्लिंदा मातीला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. तेहतिसाव्या वर्षी तिने शाळेची बस चालवायला घेतली, सुट्टीत लोकांच्या जमिनी मोजून द्यायला लागली. "एवढं शिकून शेवटी बसच!" असं लोक म्हणत. ती म्हणायची, "बस कुठे वळवायची ते मी ठरवते ना."

मार्चमध्ये फावडं घेऊन ती हक्काने उभी राहू लागली. आता कुणी हसत नव्हतं. पण शनिवारी खणणं वेगळं आणि त्याआधीच्या बैठकीत हात वर करणं वेगळं. पाणी किती, पाळी कुणाची, कारभारी कोण, हे सगळं चर्चमागच्या खोलीत ठरायचं आणि तिथे मत फक्त पुरुषांना. कासिमीरोची धाकटी विधवा बहीण नेस्तोरा, एर्लिंदाची आत्या, वीस वर्षं स्वतःची शेती स्वतः करत होती. पण गाळ काढायला तिला माणूस लावावा लागे आणि तिचं मत नवऱ्याकडचा पुतण्या देई. बऱ्याचदा तिच्या मनाच्या उलट.

एका हिवाळ्यात एर्लिंदाने पाटाच्या नियमांचं जुनं बाड मिळवलं. उबाल्दोच्या चुलत्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत ते पडून होतं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, अक्षर पिसाने काढलेलं. तीन आठवडे ती भिंग घेऊन बसली. बैठकीत उभी राहून तिने कलमामागून कलम वाचलं. पाणी घेणाऱ्या प्रत्येक घराचं एक फावडं, प्रत्येक घराचं एक मत. पुरुष हा शब्द कुठेच नव्हता.

"नाही लिहिलं," उबाल्दो म्हणाला, "कारण लिहायची गरजच नव्हती! पाणी ओलं असतं हेही लिहिलेलं नाही."

खोलीत हशा झाला. तेवढ्यात नेस्तोरा आत्या उठली. पाच फुटांचीही नसेल.

"उबाल्दो, तुझी पहिली मिरची कुणाच्या बियाण्याची?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"माझ्या बियाण्याची. पाणी माझ्या मिरचीला चालतं, मिरची तुझ्या ताटात चालते, माझा गडी पाटात चालतो. मग माझा हातच कसा चालत नाही? हा बघ." तिने हात वर केला. "काय झालं? छत पडलं?"

बायकांना मत द्यावं की नाही, यावर मत मात्र पुरुषांनीच द्यायचं होतं. एकेक हात वर गेला. कासिमीरो काठी टेकत आला होता. त्याने हाताऐवजी काठीच वर केली. बावीस विरुद्ध सतरा. हरल्यावर उबाल्दो उठला, नेस्तोरासमोर आला, आणि वही पुढे करून म्हणाला, "सही कर. आणि नीट कर, मागाहून वाचता आलं पाहिजे."

सात वर्षांनी उबाल्दोच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि कारभारी नवा नेमायची वेळ आली. चार मैलांचा पाट रोज चालणं कुणालाच नको होतं. कुणीतरी एर्लिंदाचं नाव घेतलं.

"कारभारीण?" उबाल्दो म्हणाला. "कारभारीण म्हणजे कारभाऱ्याची बायको. मग कारभारी कोण?"

"शोधतेय, तिओ," एर्लिंदा म्हणाली. "सापडला की तुम्हालाच पहिलं कळवते."

त्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने उबाल्दोच हसला, आणि त्याने आपली पॉप्लरची काठी तिच्या हातात दिली.

खरी परीक्षा २००२च्या उन्हाळ्यात झाली. डोंगरावर बर्फ पडलंच नव्हतं. जूनमध्येच पाटाचं पाणी घोट्याला आलं. एर्लिंदाने बैठक बोलावली आणि नियम सांगितला: आधी प्रत्येक घरची परसबाग आणि फळझाडं, मग मका, आणि गुरांच्या घासाला शेवटी. घासाची शेतं मोठी, ती होती मोठ्या घरांची. कुरबूर झाली, पण नियम मान्य झाला. रोज पहाटे ती पाटाच्या काठाने वरपासून खालपर्यंत चालायची. दहा दिवसांत चेहरा होरपळून काळा पडला.

जुलैतल्या एका सकाळी खालच्या घरांचं पाणी आटलं. ती वर चालत आली. मधल्या वळणावर शेतात पाणी सोडायचं एक फळीचं दार उचललेलं, आणि पाणी खळखळत हिरव्या घासात शिरत होतं. काठावर कॅनव्हासच्या घडीच्या खुर्चीवर कासिमीरो बसला होता. एकोणऐंशी वर्षांचा, मांडीवर काठी, आणि चेहऱ्यावर समाधान.

"बाबा, हे काय?"

"पाणी. बघ कसं पळतंय."

"आपली पाळी नाही."

"घास जळतोय, एर्लिंदा. तुझ्या आईने लावलेला आहे हा. आणि पाट तर माझ्या मुलीचाच आहे."

ती पाण्यात उतरली, फळी खाली ढकलली, मातीने बुजवली. कासिमीरोने काठी तिच्या आणि दाराच्या मध्ये घातली. तिने ती हळूच बाजूला केली. तोवर वरच्या अंगाने दोघे शेजारी येऊन उभे राहिले होते, त्यांनी हे सगळं पाहिलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तिने सगळ्यांसमोर सांगितलं. "बुधवारी पाळी नसताना दार उघडलं. दार मास्कारेन्यास घराचं. नियमाप्रमाणे या घराच्या पुढच्या दोन पाळ्या रद्द." तिचा आवाज शांत होता, पण हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते.

कासिमीरो तिच्याशी नऊ दिवस बोलला नाही. तिने ताट वाढावं, त्याने खावं, आणि भिंतीकडे तोंड करून बसावं. घास पिवळा पडला, मग तपकिरी झाला. नेस्तोरा आत्यासुद्धा म्हणाली, "अगं, एवढं गावाला सांगायचं कशाला होतं? म्हातारा आहे."  त्या नऊ दिवसांत एर्लिंदाचं वजन पाच पौंडांनी उतरलं.

दहाव्या दिवशी उबाल्दो दोन काठ्या टेकत त्यांच्या ओसरीवर आला. एर्लिंदा आत कॉफी करत होती. खिडकी उघडीच होती.

"कासिमीरो, तेवीस वर्षं मी कारभारी होतो," उबाल्दो म्हणाला. "दर उन्हाळ्यात माझा भाऊ चोरून दार उघडायचा. मला माहीत होतं. मी त्या बाजूने चालायचंच टाळायचो."

कासिमीरोने तोंड आणखी भिंतीकडे वळवलं.

"आख्ख्या गावाला ते माहीत होतं. म्हणून मला कुणी चोर म्हटलं नाही, आणि माझं पुरतं ऐकलंही नाही. तुझ्या पोरीने पायऱ्यांवर उभं राहून स्वतःच्या बापाचं नाव घेतलं. त्या दिवसापासून एकाने तरी दाराला हात लावलाय? माझी छाती नसती झाली, बाबा. तू इथे तोंड पाडून बसलायस. मी तुझ्या जागी असतो तर गावभर मिरवलो असतो."

 मग कासिमीरोने हाक मारली, "एर्लिंदा! उबाल्दोच्या कॉफीत साखर घाल. बिनसाखरेचं फार बोलतो हा." ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणि ती फळी सैल आहे. मला म्हाताऱ्याला उचलता येते, म्हणजे सैलच. बदलून घे."

त्या उन्हाळ्यात लोस आलिसोसमध्ये एकही फळझाड मेलं नाही. शेजारच्या दोन गावांत बागाच्या बागा गेल्या.

नऊ वर्षांनंतर खोऱ्यातल्या कॉलेजने एर्लिंदाला मुलींशी बोलायला बोलावलं. कासिमीरो आणि नेस्तोरा आत्या तोवर गेले होते. "यशस्वी चिकाना," अशी बाईंनी ओळख करून दिली. चिखलाचे बूट बदलायला वेळ झाला नव्हता. ती तशीच उभी राहिली. तिचं बोलणं संपताच पुढच्या रांगेतल्या एकीने विचारलं.

"तुम्ही शहरात एवढ्या वर पोचला होतात. ते सोडून इथे. मग यश म्हणजे काय?"

"खरं सांगू? मला ठाऊक नाही," एर्लिंदा म्हणाली. "मला एवढं कळतं, की जिथे ठरतं तिथे बसायला मिळालं पाहिजे. आणि बसल्यावर चुकताही आलं पाहिजे. कारभार घेतला त्या पहिल्या वर्षी मी वरच्या तिघांचं पाणी चुकीचं मोजलं. लोक भडकले. पण 'बाई आहे, आणखी काय होणार' असं कुणी म्हणालं नाही. सगळे मला नुसतं गाढव म्हणाले. मला इतकं बरं वाटलं!"

मुली हसल्या. मागच्या रांगेतली एक हसली नाही. तिचं नाव येसेनिया. तिची आई ओरालिया सरहद्दीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या चिवावाहून आलेली, मोटेलच्या खोल्या साफ करायची. "तुम्ही इथे तीनशे वर्षं," ती म्हणाली. "आम्ही सहा. शाळेतली तुमची पोरं आम्हाला पलीकडचे म्हणतात. मग तो तुमचा शब्द आमचा कसा?"

 आपलीच पोरं असं म्हणत असतील, हे एर्लिंदाला ठाऊक असायला हवं होतं. ती म्हणाली, "शब्द हवा असेल तर घे, नको असेल तर नको. नुसत्या शब्दाने पोट भरत नाही. तुझी आई मिरची लावते का?"

"कुंडीत. मोटेलमागे."

एप्रिलच्या बैठकीत एर्लिंदाने विषय काढला. नेस्तोरा आत्याचं परसू तिच्या नावावर आलं होतं आणि पडीक होतं. ते ओरालिया करील, तिच्याकडून एक फावडं येईल आणि मतही तिचंच. बराच वाद झाला. "उद्या सगळा गाव परक्यांचा होईल," असंही कुणी म्हणालं. उबाल्दो त्र्याऐंशी वर्षांचा, कान गेलेला; त्याने शेजाऱ्याला विचारून घेतलं काय चाललंय ते, आणि हात वर केला. ठराव चार मतांनी पास झाला.

मे महिन्यात ओरालिया रोपं घेऊन आली. एर्लिंदा तिला दार कसं उचलायचं ते दाखवायला गेली होती, पण सरी बघून तिला राहवेना.

"एवढ्या जवळ नाही लावायची इथे. वारा खेळला पाहिजे."

"माझ्या आईने जन्मभर अशीच लावली, सेन्योरा. एकमेकींना सावली करतात."

"तुमच्याकडे ऊन वेगळं असेल."

"सूर्य तर एकच आहे ना?" ओरालिया कमरेवर हात ठेवून म्हणाली. "परसू मला दिलंत की उसनं दिलंत?"

एर्लिंदाने बूट काढले. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ती सरीत उतरली. "दे इकडे रोपं," ती म्हणाली. "पण ही एक ओळ मी माझ्या पद्धतीने लावणार. सप्टेंबरात बघू, कुणाची तिखट होते."